कॉकपिटमधील त्रिमितीय पडदा: नवोदितांसाठी काही सूचना
ऐरोलीतल्या तुमच्या प्रयोगशाळेत काम सुरू करण्यापूर्वी वैमानिकाला खोलीच्या, म्हणजे वस्तू जवळ-दूर असल्याच्या, आभासाची गरज नेमकी कुठे आहे, हे आधी ठरवा. माणसाच्या दोन डोळ्यांत सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असल्यामुळे दोन्ही चित्रांतला फरक जवळच्या वस्तूंसाठी ठळक, तर काही किलोमीटरवरच्या धावपट्टीसाठी नगण्य असतो. म्हणूनच नवी मुंबई विमानतळावर उतरणारा वैमानिक धावपट्टीचा आकार, तिचे दिवे आणि उपकरणे यांच्यावर भिस्त ठेवतो.

खरी अडचण डोळ्यांच्या ताणाची आहे. आभासी वस्तू पुढे आली की दोन्ही डोळे तिच्याकडे वळतात, पण भिंगांना मात्र पडद्याच्या अंतरावरच फोकस धरावा लागतो, आणि ही ओढाताण लांबली की डोके दुखू लागते. त्यामुळे चिन्हे पडद्याच्या पातळीजवळच ठेवा. दोन चित्रांची सरमिसळ होते का, हेही तपासा: काळ्या पार्श्वभूमीवर पडद्यापुढे आलेली एकच पांढरी रेघ दाखवून एक डोळा मिटून पाहा. शेजारी फिकट दुसरी रेघ दिसली, तर एका डोळ्याचे चित्र दुसऱ्यात झिरपते आहे.

हवेतच दुसऱ्या विमानांना इंधन देणाऱ्या, अमेरिकी हवाई दलाच्या केसी-४६ टँकर विमानाचा अभ्यास अवश्य करा. त्यात इंधननळी जोडणारा कर्मचारी खिडकीऐवजी त्रिमितीय पडद्यावर पाहतो. खोलीच्या आभासातील विकृती आणि डोळ्यांवरील ताण यांमुळे ती प्रणाली नव्याने आखावी लागली.

काहींना दोन डोळ्यांच्या चित्रांतून मिळणारी खोली जाणवतच नाही, म्हणून उंचीसारखी माहिती आकड्यांतही दाखवा.