वडिलांना पेसमेकर आहे, मणक्याचा एमआरआय सांगितलाय, सेंटरवाले नाही म्हणतात. काय करू?

मी एमआरआय टेक्निशियन आहे. फोनवर नाही म्हणून मोकळं होणं सोपं असतं हो, पण ते उत्तर आता जुनं झालंय.

आधी पेसमेकर बसवताना मिळालेलं कार्ड शोधा, नाही सापडलं तर डिस्चार्जच्या फाईलमध्ये स्टिकर चिकटवलेले असतात ते बघा. पेसमेकरचा मॉडेल नंबर तर लागतोच, पण लीडचा, म्हणजे हृदयात गेलेल्या वायरचा नंबरही लागतो आणि तो कोणी आणतच नाही. बॅटरी संपली की डबी नवी बसवतात, वायर बऱ्याचदा तीच जुनी राहते, आणि घरचे म्हणतात आमचा एमआरआयवाला आहे! दोन्ही मिळून एमआर कंडिशनल, म्हणजे ठरावीक अटी पाळून एमआरआयला चालणारे, पाहिजेत. मशीनच्या रेडिओ लहरी वायर अँटेनासारखी पकडते आणि तिचं हृदयाला टेकलेलं टोक तापू शकतं, त्यामुळे जुनी बंद पडलेली वायर छातीत तशीच सोडलेली असेल तर ते आधीच सांगा, एक्सरेत दिसते ती.

अमेरिकेत पहिला एमआरआयवाला पेसमेकर 2011 ला मंजूर झाला. तुमचा साधा निघाला तरी लगेच हताश होऊ नका, 2017 ला आलेल्या मॅग्नासेफ अभ्यासात साधे पेसमेकर आणि आयसीडी (गरज पडली तर हृदयाला शॉक देणारं यंत्र) असलेल्यांचे 1.5 टेस्ला ताकदीच्या मशीनवर 1500 स्कॅन केले, छाती सोडून, आणि स्कॅनमध्ये एकही पेशंट दगावला नाही. एका आयसीडीचं जनरेटर, म्हणजे डबी, मात्र लगेच बदलावं लागलं, ते स्कॅनआधी नीट प्रोग्रामच केलं नव्हतं.

सगळी मेख त्या प्रोग्रामिंगमध्येच आहे. आमच्याकडे कंपनीचा माणूस प्रोग्रामर, म्हणजे पेसमेकरचं सेटिंग बदलायचं यंत्र, घेऊन येतो, छातीवर त्याचा वँड ठेवतो, बॅटरी आणि वायर तपासतो आणि मग एमआरआय मोड लावतो. पेशंट पूर्ण पेसमेकरवरच अवलंबून असेल तर त्या मोडमध्ये पेसमेकर ठरलेल्या वेगाने ठोके देत राहतो, मशीनचे सिग्नल हृदयाचे समजून मध्येच थांबत नाही. आत बोटाला ऑक्सिमीटर, बाहेर शॉक द्यायचं मशीन, डिफिब्रिलेटर, तयार. बाहेर आल्यावर परत वँड, परत जुनं सेटिंग, ते झाल्याशिवाय आम्ही पेशंटला कपडे बदलायलासुद्धा सोडत नाही.

तेव्हा सुट्ट्या सेंटरला फोन करत बसू नका, कार्डिओलॉजी विभाग असलेल्या हॉस्पिटलमध्ये कार्ड घेऊन जा आणि पेसमेकर बसवणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी घ्या. बसवून सहा आठवडे झाले नसतील तर बहुतेक थांबायलाच सांगतील. आणि मणक्याच्या डॉक्टरांना एकदा विचाराच, सीटीवर भागेल का म्हणून.