शिक्षणशास्त्रात पदवी घ्यावी का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

शिक्षणशास्त्र हा मुख्य विषय घेऊन पदवी करण्याबाबत वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे शालेय शिक्षण यंदा पूर्ण होत आहे. शिक्षणशास्त्रात पदवी घ्यावी असे मनात आहे. पण घरचे म्हणतात, ‘शिक्षक व्हायचे असेल तर सरळ शिक्षक-प्रशिक्षणाला जा, नसेल व्हायचे तर या पदवीचा उपयोग काय?’ या अभ्यासक्रमात नेमके काय शिकवतात?

उत्तर : घरच्यांचा प्रश्न रास्त आहे. ‘शिक्षण’ हे नाव लावणाऱ्या पदव्या दोन प्रकारच्या असतात आणि प्रवेश घेताना हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही. पहिल्या प्रकारात पाठाचे टाचण काढणे, सराव पाठ घेणे, शाळेत काही काळ प्रत्यक्ष शिकवणे आणि अखेरीस शिकवण्याची अधिकृत पात्रता मिळवणे यांवर भर असतो. दुसऱ्या प्रकारात शिक्षण हाच अभ्यासाचा विषय असतो. मूल कसे शिकते, काय शिकवायचे हे कोण ठरवते, शाळा ही संस्था आजच्या रूपात कशी आली, परीक्षेने नेमके काय मोजले जाते आणि समान वर्गात बसणाऱ्या मुलांना समान शिक्षण का मिळत नाही, असे प्रश्न त्यात तीन-चार वर्षे हाताळले जातात. मानसशास्त्र, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान आणि इतिहास हे चारही विषय त्यात येतात. धोरण, मूल्यमापन आणि संशोधनपद्धती यांची भर नंतर पडते.

कोणत्या पदवीने कोणती पात्रता मिळते हे देशागणिक बदलते. इंग्लंडमध्ये ‘एज्युकेशन स्टडीज’ ही पदवी घेतली म्हणून शिक्षकाची अधिकृत मान्यता आपोआप मिळत नाही. त्यासाठी पदवीनंतर वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. फिनलंडने १९७०च्या दशकात शिक्षकांचे प्रशिक्षण विद्यापीठांकडे सोपवले आणि प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांसाठीही पदव्युत्तर पातळीची पदवी आवश्यक केली, त्यामुळे तेथे शिक्षणाचा अभ्यास आणि शिकवण्याची पात्रता यांची बऱ्याच अंशी सांगड घातली गेली आहे. तुम्ही ज्या अभ्यासक्रमाचा विचार करीत आहात, त्याच्या माहितीपत्रकात ही पदवी शिकवण्याचा परवाना देते की नाही, हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावे. नसेल, तर विद्यापीठाला लेखी विचारा.

आता या अभ्यासाची प्रत्यक्ष जात कशी असते, हे एका लहान उदाहरणातून पाहू. एका मुलाने बेचाळिसातून सतरा वजा केले आणि उत्तर ३५ लिहिले. पुढच्या गणितात एकसष्टातून अठ्ठावीस वजा करून त्याने ४७ लिहिले. तपासणारा दोन्हींवर फुली मारतो आणि ‘सराव कमी आहे’ असा शेरा देतो. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र ही दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहावीत, अशी अपेक्षा असते. तसे पाहिले की मुलाने निष्काळजीपणा केलेला नाही हे दिसते. प्रत्येक स्थानावर त्याने लहान अंक मोठ्या अंकातून वजा केला आहे, मग तो वर असो की खाली. ‘मोठ्यातून लहान वजा करायचा’ हे त्याने कधीतरी ऐकले आणि तो नियम दोन्ही गणितांत निष्ठेने पाळला. अशा मुलाला आणखी वीस गणिते दिली तर तो वीस वेळा चुकेल आणि प्रत्येक वेळी चुकीचा नियमच घट्ट होईल. त्याला दशकाचे एकक करून, वस्तू हातात देऊन दाखवावे लागेल. मुलाच्या चुकीमागचा विचार शोधण्याची ही सवय लावण्यात ज्यां पियाजे या स्विस अभ्यासकाचा वाटा मोठा आहे. मुलांच्या बरोबर उत्तरांपेक्षा त्यांच्या चुकांची कारणे त्याला अधिक महत्त्वाची वाटली. असे उदाहरण वाचून तुम्हाला आणखी जाणून घ्यावेसे वाटत असेल, तर हा विषय तुमच्यासाठी आहे. केवळ ‘मला लहान मुले आवडतात’ एवढ्याच कारणासाठी मात्र ही पदवी निवडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती आवड चांगलीच आहे, परंतु तीन वर्षे वाचन, लेखन आणि युक्तिवाद करण्यासाठी ती पुरत नाही.

प्रश्न : माझ्या मुलीला हा विषय घ्यायचा आहे. मला वाटते, शिक्षणशास्त्रात मानसशास्त्राचा थोडा, समाजशास्त्राचा थोडा असा इकडून-तिकडून घेतलेला भाग असतो. मग त्याऐवजी मूळ विषयच का घेऊ नये?

उत्तर : आपली शंका विद्यापीठांतही जुनीच आहे. जर्मनीतील हाले विद्यापीठात १७७९ मध्ये अर्न्स्ट क्रिस्टियान ट्राप यांची शिक्षणशास्त्राच्या स्वतंत्र अध्यासनावर नेमणूक झाली, ती तेथील पहिली मानली जाते; पण ते काही वर्षांतच तेथून बाहेर पडले. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा आणि सेंट अँड्र्यूज येथे १८७६ मध्ये शिक्षणाची अध्यासने सुरू झाली, ती अँड्र्यू बेल यांनी मागे ठेवलेल्या निधीतून. मोठ्या मुलांनी लहान मुलांना शिकवावे ही पद्धत बेल यांनी मद्रासच्या अनाथालयात राबवून युरोपात नेली होती. फ्रान्समध्ये एमील द्युर्केम यांना आज आपण समाजशास्त्राचे प्रवर्तक म्हणून ओळखतो. मात्र १८८७ मध्ये बोर्दो येथे आणि १९०२ पासून सोरबोन येथे त्यांच्याकडे शिक्षणशास्त्र शिकवण्याचे काम होते. जॉन ड्युई हे तत्त्वज्ञ, पण १८९६ मध्ये त्यांनी शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा म्हणून चक्क एक शाळा सुरू केली. म्हणजे ज्या मूळ विषयांचा आपण उल्लेख करता, त्यांतील काही थोर माणसे स्वतःच या विषयाकडे वळली होती.

शिक्षणशास्त्राची पद्धती बरीचशी अन्य शास्त्रांकडून आलेली आहे, हे मान्य करायला हरकत नाही. प्रश्न मात्र त्याचे स्वतःचे आहेत आणि ते एका शास्त्राच्या चौकटीत मावत नाहीत. वर्गातील मुलांची संख्या कमी केली तर मुले अधिक शिकतात का, हा साधा वाटणारा प्रश्न घ्या. अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात ‘स्टार’ नावाचा प्रयोग झाला. त्यात बालवर्गापासून तिसरीपर्यंतच्या ११ हजारांहून अधिक मुलांना यदृच्छेने म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे वेगवेगळ्या वर्गांत घातले. काही वर्गांत १३ ते १७ मुले होती, तर काहींत २२ ते २५. लहान वर्गांतील मुलांची प्रगती अधिक झाली आणि गरीब घरांतील मुलांना त्याचा लाभ विशेष झाला. या निष्कर्षाच्या बळावर कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये राज्यभर प्राथमिकच्या पहिल्या वर्गांत २० मुलांची मर्यादा आणली. एकाच वेळी हजारो नवे वर्ग उघडावे लागले, तेवढे प्रशिक्षित शिक्षक उपलब्ध नव्हते, अपुरी पात्रता असलेल्यांची भरती झाली, आणि सुस्थितीतील वस्त्यांमध्ये जागा निघाल्याने अनुभवी शिक्षक गरीब वस्त्यांतील शाळा सोडून तिकडे गेले. अपेक्षेइतका लाभ तेथे स्पष्टपणे दिसला नाही.

प्रयोगाची रचना समजण्यासाठी संख्याशास्त्र लागते, लहान वर्गात शिक्षक वेगळे काय करतो हे समजण्यासाठी अध्यापनाचा अभ्यास लागतो, गरीब मुलांना अधिक लाभ का झाला हे समाजशास्त्र सांगते आणि चांगला निष्कर्ष राज्यभर नेताना का फसला हा धोरणाचा प्रश्न आहे. केवळ मानसशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याला यातील एक बाजू अधिक खोलवर कळेल, हे खरे. सगळ्या बाजू एकत्र ठेवून विचार करायचा असेल, तर मुलीची निवड योग्य आहे. अशा अभ्यासक्रमात विषयांचे नुसते तुकडे हाती येण्याचा धोका असतोच. म्हणून ज्या विद्यापीठात अखेरच्या वर्षी स्वतंत्र संशोधन प्रबंध करावा लागतो, तेथे प्रवेश घेणे श्रेयस्कर.

प्रश्न : मी पहिल्या वर्षाला आहे. वर्गात चर्चा सुरू झाली की प्रत्येक जण ‘आमच्या शाळेत असे होते’ म्हणून सांगू लागतो आणि पुस्तकातील सिद्धांत एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. मग खरे काय मानायचे?

उत्तर : या विषयाची सर्वांत मोठी अडचण तुम्ही पहिल्याच वर्षी ओळखली आहे. रसायनशास्त्र शिकायला येणारा विद्यार्थी रेणूंविषयी ठाम मते घेऊन येत नाही; शिक्षणशास्त्राला येणारा प्रत्येक जण मात्र दहा-बारा वर्षे शाळेत बसून आलेला असतो आणि शाळा कशी असते हे आपल्याला ठाऊक आहे, असे त्याला मनापासून वाटते. त्याने शाळा पाहिलेली असते ती एका बाकावरून. त्या अनुभवाला कमी लेखू नका. तो तपासून घ्या.

तपासायचे कसे, हे वर्गनिरीक्षणात शिकता येते. तुमच्या अभ्यासक्रमात शाळाभेट असेल, तर एका तासिकेला मागच्या बाकावर बसा आणि एकच गोष्ट टिपा : शिक्षकाने प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती वेळ वाट पाहिली. ‘शिक्षक चांगले होते’, ‘मुले उत्साही होती’ असली वाक्ये वहीत लिहू नका. प्रश्न, थांबण्याचा वेळ, उत्तर देणारे मूल कोणत्या रांगेतले, एवढेच लिहा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या सुमारास विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण करून नेमके हेच मोजले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन टाकतात, असे तिला आढळले. तीच वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली की मुलांची उत्तरे लांब आणि सकारण होतात, एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. इतकी वर्षे वर्गात बसूनही आपल्यापैकी किती जणांच्या हे लक्षात आले होते? आपण शाळेत ‘हुशार’ आणि ‘मठ्ठ’ असे शिक्के ऐकले, पण त्यांतील काही शिक्के या दोन सेकंदांच्या फरकाने पडले असतील, हा विचार कोणाच्याही मनाला चटका लावणारा आहे.

सिद्धांत परस्परविरोधी वाटतात, कारण पुष्कळदा ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात. पियाजे मुलाच्या स्वतःच्या घडणीकडे पाहतो. लेव्ह व्हिगोत्स्की हा रशियन मानसशास्त्रज्ञ मोठ्यांच्या मदतीने मूल काय करू शकते, याकडे पाहतो. १९६६ मध्ये अमेरिकेत जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची पाहणी झाली. शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा मुलाच्या घरच्या परिस्थितीचा त्याच्या यशाशी अधिक संबंध आहे, हा तिचा निष्कर्ष अनेकांनी ‘शाळेने काही फरक पडत नाही’ असा वाचला; तो तसा नव्हता. प्रत्येक सिद्धांताला विचारा, तू कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतोस आणि कशाच्या आधारावर? काही लोकप्रिय कल्पना या कसोटीवर टिकत नाहीत. काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून, आणि प्रत्येकाला त्याच्या शैलीनुसार शिकवले तर ते अधिक शिकते, ही समजूत शिक्षकांत आजही सर्वत्र आढळते. परंतु २००८ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा तिला पुरेसा आधार मिळाला नाही. तुमच्या प्राध्यापकांनी ही कल्पना निर्विवाद म्हणून सांगितली, तर नम्रपणे पुरावा मागा.

प्रश्न : माझे गणित कच्चे आहे. चालेल का?

उत्तर : प्रवेशाला बहुधा अडचण येणार नाही. सरासरी, सहसंबंध आणि नमुनानिवड यांचे अर्थ समजावून घेण्याची तयारी मात्र हवी, कारण शिक्षणविषयक बहुतेक दावे आकड्यांत मांडले जातात. हिशेब संगणक करून देतो. तो आकडा काय सिद्ध करतो आणि काय नाही, हे स्वतःलाच ठरवावे लागते.

प्रश्न : मला पुढे इतिहास शिकवायचा आहे. आधी इतिहासात पदवी घेऊन नंतर शिक्षक-प्रशिक्षण करावे, की शिक्षणशास्त्रातच पदवी घ्यावी? आणि शिक्षक न झाल्यास या पदवीने कोणती कामे मिळतात?

उत्तर : माध्यमिक वर्गांना इतिहासच शिकवायचा हे पक्के असेल, तर इतिहासाची पदवी आधी घ्या. विषयाची जाण वरवरची असलेला शिक्षक कितीही पद्धती शिकला, तरी मुलांच्या दुसऱ्या प्रश्नाला अडखळतो. काही विद्यापीठांत दोन्ही विषयांची जोड पदवी असते. ती मिळाल्यास उत्तम. इतिहासाच्या विद्यार्थ्याला शिक्षणाच्या इतिहासात हाताळण्याजोगे पुष्कळ आहे. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी उच्च शिक्षणावर होणारा खर्च आणि रयतेच्या प्राथमिक शिक्षणाची उपेक्षा यांवर बोट ठेवले आणि किमान बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे असे सुचवले. वरच्या वर्गाला शिकवले की ज्ञान खाली झिरपेल, या तत्कालीन धोरणाला दिलेले ते उत्तर होते. सार्वजनिक पैसा शिक्षणाच्या कोणत्या पायरीवर खर्च व्हावा हा वाद आजही अनेक देशांत चालू आहे.

शिकवण्याखेरीज अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तकांची निर्मिती, परीक्षा मंडळांतील प्रश्नपत्रिका व मूल्यमापनाचे काम, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी साहाय्य, संग्रहालयांतील शैक्षणिक विभाग, स्वयंसेवी संस्था, प्रौढ शिक्षण आणि शैक्षणिक धोरणावरील संशोधन ही क्षेत्रे या पदवीधरांना खुली असतात. समुपदेशन किंवा विशेष शिक्षण यांसाठी मात्र वेगळी पात्रता लागते, हे आधीच लक्षात घ्यावे. वेतनाच्या बाबतीत या पदवीकडून अभियांत्रिकी किंवा वैद्यकाइतकी अपेक्षा ठेवू नये. प्रवेशापूर्वी जमल्यास एखाद्या शाळेची परवानगी काढून आठवडाभर वर्गात नुसते बसून पाहा आणि दररोज टिपणे काढा. आठवड्याच्या शेवटी वहीत उत्तरांपेक्षा प्रश्न अधिक जमले असतील, तर इतिहासासोबत शिक्षणशास्त्राचीही जोड अवश्य घ्या.