विभागीय बालशिक्षण परिषदेसाठी दोन दिवस पाळणाघर बंद ठेवणं परवडतं का?

तुम्ही लिहिलंय की घरातच बारा मुलांचं पाळणाघर चालवता, त्यातली सात-आठ बालवाडीच्या वयाची आहेत. परिषदेचं पत्रक हाती आलंय, पण दोन दिवस बंद ठेवलं तर पालक कुरकुरतील, आणि शिक्षिकांच्या गर्दीत आपल्याला कोण विचारतंय, अशीही धाकधूक आहे.

मी सोळा वर्षं बालवाडी घेते, अशा पाच परिषदा झाल्या माझ्या. जा तुम्ही. फक्त उद्घाटनासाठी पहाटेची एसटी पकडू नका. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय यात पहिली सकाळ जाते. एकदा तर अध्यक्ष इतके उशिरा आले, की स्वागतगीत म्हणणाऱ्या चिमुरड्या स्टेजच्या पायरीवरच झोपल्या. परिषदेचा विषय होता ‘बालकांच्या गरजा’.

खरं मिळतं ते छोट्या खोल्यांतल्या सत्रांत. माझंच सांगते. साडेतीन वर्षांच्या मुलाची आई रोज विचारायची, ‘वही कोरी का?’ मी म्हणायचे, अजून लहान आहे. तिला ते पटत नव्हतं, आणि खरं तर नेमकं कारण मलाही सांगता येत नव्हतं. परिषदेत एका डॉक्टरबाईंनी मनगटाचे दोन एक्स-रे शेजारी-शेजारी लावले, एक मोठ्या माणसाचा, एक चार वर्षांच्या मुलाचा. मनगटात आठ लहान हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चेचीच असतात, त्यामुळे एक्स-रेत दिसतच नाहीत. मग एकेक करून पक्की होत जातात. वाटाण्याएवढं शेवटचं हाड तर आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान दिसू लागतं. लहान मुलाच्या एक्स-रेत आम्ही बोट लावून मोजली. चारच भरली.

पुढच्या पालकसभेत मी फळ्यावर मनगट काढलं. ती आई काही बोलली नाही, पण घरून चिंचोक्यांची पिशवी पाठवली. तेव्हापासून आमच्याकडे चिंचोके वेचणं, मणी ओवणं, कणीक मळणं आणि ओलं फडकं पिळणं हाच ‘लेखनाचा तास’. कोणी फारच हट्ट धरला तर २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पुढे करते. त्यात ३ ते ८ वर्षं हा सलग पायाभूत टप्पा धरलाय आणि तो खेळातून शिकण्याचा आहे. सरकारी कागद दाखवला की वडीलमंडळी जरा ऐकतात.

‘आपल्याला कोण विचारणार’ याचं म्हणाल, तर दुपारच्या जेवणाच्या रांगेत उभ्या राहा. पुढे अंगणवाडी सेविका, मागे मदतनीस. रडत येणाऱ्या मुलाला आईपासून कसं सोडवायचं, शी-शूच्या सवयी, चावरं मूल, यावर त्या जे सांगतात ते व्याख्यानात मिळत नाही. पाळणाघरवाल्यांना तर तेच हवं असतं. शिकवणं वेगळं आणि सांभाळणं वेगळं, ही वाटणी मोठ्यांची. तीन वर्षांचं मूल जेवता-जेवताच मोजायला शिकतं.

एका वर्षी परिषद पालघर जिल्ह्यात होती. दुसऱ्या दिवशी कोसबाडच्या टेकडीवर नेलं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ १९४५ मध्ये बोर्डीला काम करू लागल्या, १९५७ मध्ये कोसबाडला आल्या. गरिबाघरची पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या वस्तीत, अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. गावोगावी सरकारी अंगणवाड्या आणणारी एकात्मिक बालविकास योजना आली १९७५ मध्ये. अंगणवाडी त्याच्या कितीतरी आधीची. शाळेत खुर्ची कमी पडली की मी कुरकुर करायचे, त्या टेकडीवरून उतरल्यावर जरा कमी करते.

आता व्यवहाराचं. पालकांना दोन आठवडे आधी चिठ्ठी द्या, आयत्या वेळी सांगितलं तर चिडतात ते. दोन्ही दिवस जमत नसेल तर कार्यक्रमपत्रिकेत छोटी सत्रं कधी आहेत ते बघून तेवढाच दिवस धरा. तुमच्याकडे मदतीला ताई असतील तर शक्यतो त्यांचंही शुल्क भरा. परत आल्यावर एकटीनेच बदल करू पाहिलात तर ‘बाईंना नवीन खूळ लागलंय’ एवढंच होतं. आणि आपल्याकडच्या एका मुलाची अडचण मनात घेऊन जा, नावानिशी नव्हे, पण नेमकी. प्रश्नोत्तरात हात वर करायची लाज वाटली तर सत्र संपल्यावर वक्त्यांना चहाच्या टेबलापाशी गाठा.

शुल्कात जेवण धरलंय का, ते मात्र आधी विचारा. मागल्या खेपेला नव्हतं, आणि सभागृहाजवळ वडापावची एकच गाडी होती.