एकटा माणूस आणि ‘दे’

प्रश्न: ऑफिसच्या ग्रुपवर मी ‘समवन हॅज लेफ्ट देअर अम्ब्रेला इन द मीटिंग रूम’ असं टाकलं, तर एका सीनियरनी सगळ्यांदेखत चूक काढली, म्हणे समवन एकवचनी, तिथे ‘हिज ऑर हर’च पाहिजे. शाळेत आम्हाला हेच शिकवलेलं म्हणून मी गप्प बसले. खरंच चुकलं का माझं?

उत्तर: नाही हो, बिनधास्त लिहा. एका माणसाला दे-देअर लावणं ही आजकालची फॅशन आहे असं लोकांना वाटतं, पण हा वापर १४व्या शतकापासूनचा आहे, शेक्सपिअर आणि जेन ऑस्टिन दोघांनीही केलाय. उलट सीनियर सांगतायत त्यातलं बरंचसं १८व्या शतकातल्या व्याकरणवाल्यांचं, त्यांनी ठरवलं की माणूस कोण ते माहीत नसेल तर ‘ही’ (he, म्हणजे ‘तो’) म्हणायचं. १८५० मध्ये तर ब्रिटिश पार्लमेंटने कायदाच केला की कायद्यातल्या पुल्लिंगी शब्दात बायकाही धरायच्या! ‘हिज ऑर हर’ ही त्यावरची मलमपट्टी, एकदा ठीक आहे, सलग चार वाक्यांत लिहून बघा.

आणि सीनियरना एकट्या माणसाला ‘यू आर’ म्हणताना खटकत नाही ना? यू पण मुळात अनेकवचनच, एकाला पूर्वी दाउ (thou, म्हणजे ‘तू’) म्हणायचे. मग मान द्यायला एकालाही यू म्हणू लागले, आपल्या ‘साहेब आले’सारखं, आणि दाउ मागे पडलं, पण क्रियापद आर ते आरच. दे चंही तसंच, माणूस एक असला तरी ‘दे आर’, ‘दे इज’ नाही.

आपण काय म्हणतो, ‘कोणीतरी छत्री विसरलंय’. विसरलाय नाही, विसरलीय नाही, सरळ नपुंसकलिंग, विषय संपला. इंग्रजीत इट ने ते जमत नाही, दार वाजलं की ‘हू इज इट’ चालतं पण ‘समवन लेफ्ट इट्स अम्ब्रेला’ लिहिलंत तर छत्री कुत्र्याची वाटेल.

वाद नकोच असेल तर ‘ॲन अम्ब्रेला हॅज बीन लेफ्ट’ लिहून मोकळ्या व्हा, ज्याची असेल तो येऊन नेईल. (आता हा ‘तो’ही पुल्लिंगीच, आणि मी तो अगदी सहज लिहून गेलो!)