बी.कॉम. संपताना दिग्दर्शनाच्या डिप्लोमासाठी कर्ज काढावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: बी.कॉम.चं शेवटचं वर्ष, घर लातूरला, दिग्दर्शक व्हायचंय. मुंबईतल्या एका खासगी संस्थेचा वर्षभराचा दिग्दर्शनाचा डिप्लोमा आहे, फी सहा लाख. वडील कर्ज काढायला तयार आहेत, पण तुमचाच जीव वर-खाली होतोय.

या वर्षी ती फी भरू नका. परीक्षा नीट द्या आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत पाच मिनिटांची एक फिल्म लिखाणापासून एडिटपर्यंत स्वतः पूर्ण करा. काय शिकायचं आणि कुठे, हे त्यानंतरच ठरवता येईल. ‘दिग्दर्शक व्हायचंय’ म्हणणाऱ्या कित्येकांचा खरा ओढा लेखनाकडे, कॅमेऱ्याकडे किंवा एडिटिंगकडे असतो, आणि एक फिल्म हातावेगळी केल्याशिवाय ते कळत नाही.

पटकथा पाच पानांची ठेवा. रीतसर मांडणीत एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. दोन पात्रं, एक घर, दिवसाचा प्रसंग. नवख्या मंडळींकडून दिवसाला पंधरा-वीस शॉटच्या वर काम उरकत नाही, म्हणून दोन दिवस धरा.

कॅमेरा म्हणून फोन पुरतो, पण सेटिंग हाताने करा. बहुतेक फोन सेकंदाला ३० फ्रेमवर असतात. तो २५ वर आणा आणि शटर (प्रत्येक फ्रेमवर प्रकाश पडण्याचा वेळ) सेकंदाच्या १/५० वर बांधून ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर त्या तालात नसलं तर भिंतीवर काळसर पट्टे सरकताना दिसतात आणि एडिटला ते घालवणं फार जड जातं. उन्हात १/५० वर चित्र पांढरंफटक पडतं, कारण बहुतेक फोनमध्ये लेन्सचं छिद्र लहान करता येत नाही. तिथे एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, लेन्सवर लावावी लागते. पहिली फिल्म घरात करा म्हणतो ते त्यासाठीच. फोकस, एक्स्पोजर (चित्राचा उजेड) आणि व्हाइट बॅलन्सही (रंगांचा तोल) लॉक करा, नाहीतर पात्र खिडकीजवळ गेलं की चेहऱ्याचा रंग बदलतो. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप तुमच्या फोनवर चालत असेल तर हे सगळं त्यात करता येतं.

मात्र पहिल्या फिल्मा बहुतेक आवाजावर पडतात. चित्र थोडं डगमगलं तर प्रेक्षक चालवून घेतो. संवाद घुमला की तो उठतो. कॅमेऱ्याच्या फोनवर विसंबू नका. हजारभर रुपयांचा वायरवाला कॉलर माइक दुसऱ्या फोनला लावा, तो फोन फ्लाइट मोडवर टाकून पात्राच्या खिशात ठेवा. प्रत्येक टेकच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, म्हणजे एडिटला चित्र आणि आवाज जुळवता येतात. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा सुरू करायचा राहू नये म्हणून गाडीची किल्ली त्यातच ठेवतात. किल्लीशिवाय कुणी घरी जाऊ शकत नाही. शेवटी सगळ्यांना जागेवर गप्प उभं करून त्या खोलीची निव्वळ शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. दोन संवादांच्या मधल्या फटी त्यानेच बुजवायच्या असतात. एडिटसाठी डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती भरपूर झाली. टाळीपाशी जुळलेला आवाज शॉटच्या अखेरीस ओठांपासून सुटत गेला, तर फोनने फ्रेमचा वेग कमी-जास्त केलेला असतो. ती फाइल हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ फ्रेमवर काढून घ्या. सिनेमातली गाणी पार्श्वसंगीताला वापरू नका; हक्क नसले तर बरेचसे महोत्सव फिल्म घेत नाहीत.

काम संपलं की स्वतःला विचारा, वेळेचं भान कुठे राहिलं नाही? नट दहाव्यांदा तीच ओळ म्हणत असताना तुम्हाला अजून एक टेक हवा होता का, की कधी एकदा घरी जाऊन कापायला बसतो असं झालं होतं? एडिटिंग, साउंड किंवा कॅमेऱ्याची ओढ वाटली तर शिक्षणाला खरंच अर्थ आहे, कारण त्यात यंत्रं, सराव आणि चुका काढणारा जाणता माणूस लागतो, शिवाय शिकून आल्यावर सहायकाची कामं मिळतात. निव्वळ दिग्दर्शनाच्या एका वर्षाच्या डिप्लोमाबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

बी.कॉम. सोडू नका, कारण पुण्याची एफटीआयआय ही सरकारी फिल्म संस्था (१९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झालेली) आणि कोलकात्याची सत्यजित राय फिल्म संस्था, दोन्हीकडच्या चित्रपटाच्या बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांना कुठल्याही शाखेची पदवी चालते, पण ती लागतेच. प्रवेश परीक्षेने होतो आणि जागा अगदी मोजक्या. एकदा नाव लागलं नाही म्हणून खचू नका, पुन्हा बसा. तिथे तीन वर्षं द्यावी लागतात, कधी त्याहून जास्तही लागली आहेत. आजच्या दिग्दर्शकांपैकी उमेश कुलकर्णी एफटीआयआयचे, नागराज मंजुळे नगरच्या कॉलेजात संज्ञापन शिकले, चैतन्य ताम्हाणे मिठीबाईत इंग्रजी साहित्य. पहिल्या मोठ्या चित्रपटाआधी लघुपट मात्र तिघांनीही केले होते.

दुसरा रस्ता सहायक दिग्दर्शकाचा. मराठी मालिकेत सगळ्यात नवख्या सहायकाच्या हाती बहुधा कंटिन्यूइटी, म्हणजे एका शॉटचा दुसऱ्याशी मेळ राखणं, येते: घड्याळ कुठल्या हातात होतं, पेल्यात पाणी किती उरलं होतं, पदर कसा होता. प्रत्येक शॉटनंतर फोटो काढायचा आणि सीन नंबर टाकून ठेवायचा. मालिका बहुधा आठवड्याला सहा दिवस दिसते, त्यामुळे रोज जवळपास एक भाग उरकावा लागतो. वेग, शिस्त आणि माणसं सांभाळणं इथे पक्कं होतं. दृश्याचा विचार करायला सवड मिळत नाही, म्हणून माझ्या मते दोन वर्षांच्या वर तिथे रमू नये. पैसे पुष्कळदा ९० दिवसांनी हातात पडतात, तेव्हा मुंबईत सहा महिने तग धरता येईल एवढी रक्कम आधी बाजूला काढा.

आता कर्जाचा हिशेब मांडा. सहा लाख ११ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचे तर हप्ता महिना सुमारे १३,००० रुपये. नवख्या सहायकाला एवढा हप्ता दर महिन्याला निघत नाही.

एवढं करूनही त्या संस्थेत जावंसं वाटलं, तर आधी तिथे स्वतः जा. मागच्या तुकडीच्या डिप्लोमा फिल्म पूर्ण दाखवा म्हणा. निवडक तुकडे जोडलेल्या शोरीलवर भागवून घेऊ नका. वर्षभरात प्रत्येक विद्यार्थी स्वतः किती फिल्म दिग्दर्शित करतो आणि त्यांचा खर्च कुणाच्या खिशातून जातो, ते विचारा. ‘ग्रुप प्रोजेक्ट’ असं उत्तर आलं तर वर्गात किती मुलं आहेत ते मोजा. रोज शिकवणारे कोण आणि वर्षातून एकदा येणारे पाहुणे कोण, हेही वेगळं करून घ्या. दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली तीन-चार मुलं संस्थेला मध्ये न घेता इन्स्टाग्रामवर शोधा आणि आज काय करतात ते विचारा. दिग्दर्शनाच्या डिप्लोमावर कुणी ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ सांगत असेल तर तिथून उठा, कारण दिग्दर्शक म्हणून प्लेसमेंट होत नसते. मध्येच सोडल्यास किती फी परत मिळेल, हे पहिला हप्ता भरण्याआधी लेखी घ्या.