एकशे पाच साइटेशन, त्यातली तुझी किती?

अगं, तुझी मेल आणि सीव्ही दोन्ही वाचले. तुझी आई आणि मी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एकाच वाड्यात वाढलो, तेव्हा मावशीच्या हक्कानं जरा स्पष्ट लिहिते. ७ पेपर, १०५ साइटेशन (म्हणजे इतर पेपरांनी दिलेले संदर्भ) आणि ४ एच-इंडेक्स एवढ्यावर जर्मनीत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, मिळेल का, असं तू विचारलंयस. मिळेल. पण हे आकडे सीव्हीच्या डोक्यावर ठळक अक्षरांत ठोकलेस, ते आधी काढ.

तुझे पेपर साइटेशनप्रमाणे लावले तर ४१, ३०, १७, ९, ४, ३, १ असे येतात. ज्या क्रमांकापर्यंतच्या पेपरांना निदान तितक्या साइटेशन आहेत, तो एच-इंडेक्स. चौथ्याला ९ आहेत, पाचव्याला पाच नाहीत, म्हणून तुझा ४. हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं २००५मध्ये काढलेलं हे माप. पेपरात तू पहिली होतीस की सातवी, हे त्याला कळत नाही. ४१वाला तुझा पेपर रिव्ह्यू आहे, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा, आणि त्यात तू तिसरी. ३० आणि १७ मध्येही गर्दीतच. मुलाखत घेणारा प्रोफेसर नावांचा क्रम पाच सेकंदांत बघतो. तुझी खरी कमाई ९वाला, उंदरांच्या यकृतपेशी वेगळ्या करण्याच्या पद्धतीचा. तिथे पहिलं नाव तुझं आहे.

आता या पेपरचा संदर्भ देणारे ते नऊ जण कोण, ते एकेक उघडून बघ. मी बघितले. तीन तुमच्याच लॅबचे, ते सोड. चौघांनी प्रस्तावनेत एका ओळीत उरकलंय. उरलेल्या दोघांनी मात्र 'मेथड्स'मध्ये तुझी पद्धत वापरल्याचं लिहिलंय, आणि त्यातली एक लॅब जर्मनीतलीच आहे! त्यांना लिही. पद्धत वापरताना काय अडलं ते विचार, पेशी सुट्या करणाऱ्या कोलॅजिनेज या विकराचं प्रमाण आता तू कसं बदललंयस ते सांग, मग नोकरीचं. मला पहिली मुलाखत अशीच मिळाली होती. त्याआधी साठेक मेल आंधळेपणानं टाकल्या होत्या, एकीलाही उत्तर नाही.

इम्पॅक्ट फॅक्टरचा रकानाही काढ. २०२४चा आकडा म्हणजे त्या नियतकालिकाच्या २०२२ आणि २०२३च्या लेखांना २०२४मध्ये मिळालेले संदर्भ, भागिले त्या दोन वर्षांतले लेख. तो नियतकालिकाचा सरासरी भाव, तुझ्या पेपरचा नव्हे. इथली, जर्मनीतली डीएफजी, म्हणजे संशोधनाला पैसा देणारी मुख्य संस्था, अर्जात एच-इंडेक्स किंवा इम्पॅक्ट फॅक्टर मागत नाही. त्याऐवजी निवडक पेपर दे आणि प्रत्येकाखाली दोन ओळी: यात मी स्वतः काय केलं. आकडा द्यायचाच असेल तर कुठला आणि कधीचा ते लिही. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तपासणीआधीचे मसुदे) सगळं मोजतं, त्यामुळे तिथला आकडा स्कोपस या निवडक सूचीपेक्षा बहुधा मोठा दिसतो.

पैसे भरून चार दिवसांत छापून आलेला तो सातवा पेपर निवडक यादीत नको. पूर्ण यादीत राहू दे, लपवू नकोस.

आता नावाची भानगड. ही आपल्या बडोद्याच्या मराठी लोकांची खास. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडील. माझ्या वडिलांच्या नावाला तर क्लार्कनं 'भाई' चिकटवलेलं, एका सदाशिव पेठी माणसाचा आयुष्यभराचा संताप! मी पहिल्या पेपरावर मार्कशीटसारखंच आडनाव आधी, मग नाव असं लिहिलं आणि माझं पाळण्यातलं नाव आडनाव होऊन बसलं. पुढे लग्नानंतर आडनाव बदललं. परिणामी मी तीन बायका झाले, प्रत्येकीच्या नावावर थोडेथोडे पेपर. एका नेमणुकीच्या वेळी कार्यालयानं विवाहप्रमाणपत्राचं जर्मन भाषांतर मागवलं, त्यात दोन महिने गेले. तू आजच ऑर्किड काढ, संशोधकाची ओळख पटवणारा १६ आकडी नंबर, फुकट आहे. सातही पेपर त्याला जोड, आणि स्कॉलरवर तुझ्या खात्यात शिरलेले दुसऱ्या कुणा कुलकर्णीचे दोन पेपर उडव. ते मी मोजलेले नाहीत.

दोन मुदती लक्षात ठेव. इथल्या हुम्बोल्ट फाउंडेशनची पोस्टडॉक फेलोशिप पीएचडी झाल्यापासून साधारण चार वर्षांच्या आतच मिळते. आणि विद्यापीठातल्या तात्पुरत्या करारांना इथे कायद्यानं मर्यादा आहे: पीएचडीनंतर सहा वर्षं, वैद्यकशाखेत नऊ. तेव्हा आणखी दोन पेपर येऊ देत मग निघते, असा विचार करत सूरसागर तळ्याच्या पाळीवर बसून राहू नकोस.

त्या लॅबला लिहायची मेल आधी मला दाखव. आणि पेपरांवर नाव कसं लिहिणार ते ऑर्किड भरण्याआधी पक्कं कर. डिसेंबरात मुलाकडचे तुला बघायला येणार आहेत, असं तुझी आई परवा फोनवर म्हणत होती.