संगणकाची पदवी नसताना केवळ सर्टिफिकेशनच्या जोरावर आयटीत पुढे जाता येते का, आणि आधी कोणते करावे?

आपण हेल्पडेस्कवर आहात, वर्षभरात चार सर्टिफिकेशन करण्याचा आपला विचार आहे, आणि ‘अनुभवी लोक याला नुसते कागद म्हणतात, त्यात तथ्य आहे का?’ असेही आपण विचारले आहे. या शेवटच्या वाक्यामुळेच मी लिहायला बसलो.

हे वाक्य मी माझ्या पहिल्या टीममधील सीनियरकडून इतक्यांदा ऐकले आहे, की ते उच्चारणाऱ्याला आधी विचारावेसे वाटते : आपण नेमकी कोणती परीक्षा पाहिली आहे? प्रश्नांचे डंप, म्हणजे फुटलेल्या प्रश्नोत्तरांचे संच, पाठ करून उत्तीर्ण होता येणारी परीक्षा आणि समोर मशीन ठेवून ‘करून दाखवा’ म्हणणारी परीक्षा, या दोहोंना एकाच मापाने मोजणे हा निव्वळ आळस आहे. मी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम पुरवणाऱ्या रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए, म्हणजे लिनक्स सर्व्हर सांभाळण्याची परीक्षा, दिली होती. तिच्यात निवडायला पर्याय नसतात, इंटरनेट नसते. मशीनवरची मॅन पाने (कमांडची माहितीपुस्तिका) तेवढी वाचता येतात. ३०० पैकी २१० गुण मिळवावे लागतात, आणि अट अशी, की केलेले प्रत्येक काम रीबूटनंतरही, कोणी हात न लावता, टिकले पाहिजे. त्यामुळे सराव करताना डिस्क माउंट केली (वापरासाठी जोडली) की ती पुढच्या वेळी आपोआप जोडली जावी म्हणून एफएसटॅब या फाइलमध्ये ओळ लिहायची, सेवा सुरू केली की ती एनेबलही करायची (म्हणजे मशीनबरोबर ती आपोआप सुरू होते), नेटवर्कवरची ये-जा अडवणाऱ्या फायरवॉलचा नियम परमनंट करायचा आणि शेवटी मशीन रीबूट करून सारे पुन्हा तपासायचे, हे अंगवळणीच पडले.

ही सवय मी कामावर आणली तेव्हा सीनियर हसले. “परीक्षेतले चोचले परीक्षेत ठेव. सर्व्हर चालू आहे ना? मग त्याला हात लावू नकोस,” असे ते सर्वांसमोर म्हणाले. त्यांच्या सर्व्हरचा अपटाइम, म्हणजे रीबूटशिवाय सलग चालू असण्याचा काळ, वर्षांत मोजला जाई आणि त्याचा त्यांना अभिमान होता. नवा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) लागू होण्यासाठी मशीन सहसा रीबूट करावेच लागते, तेव्हा हा आकडा मिरवण्यासारखा नाही, असे मी एकदा सुचवून पाहिले आणि पुढे तो विषय सोडून दिला.

काही काळाने विजेच्या दुरुस्तीसाठी सर्व्हर रूममधील सगळी यंत्रे रात्री बंद ठेवावी लागली. पहाटे ती सुरू केली तेव्हा माझ्याकडचे सर्व्हर मुकाट्याने वर आले. सीनियरांच्या एका सर्व्हरवर डेटाबेसची डिस्कच माउंट झाली नाही, कारण ती कोणे एके काळी हाताने माउंट केलेली होती. दुसऱ्यावर वेब सर्व्हर सुरूच झाला नाही. तिसऱ्यावर सेवा चालू होती, पण फायरवॉल पोर्ट अडवून बसली होती. माझ्यापेक्षा त्यांना लिनक्स कितीतरी अधिक येत होते, यात शंका नाही. दुपारपर्यंत त्यांनी सगळे आठवणीतून पुन्हा उभे केले आणि ते मला जमले नसते. मात्र अहवालात कारण नोंदवले गेले ते ‘वीजपुरवठ्यातील व्यत्यय’. एफएसटॅबमध्ये न लिहिलेली ओळ हे खरे कारण होते, असे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. ते अजूनही तो योगायोग मानतात.

आता आपल्या प्रश्नाविषयी. सर्टिफिकेशन आपल्याला मुलाखतीच्या खोलीपर्यंत नेते, विशेषतः पदवीच्या रकान्यात अडणाऱ्या उमेदवाराला. पुढचे आपल्याला बोलून आणि करून दाखवावे लागते. कॉम्पटियाची ए प्लस ही संगणक-साहाय्याची प्राथमिक परीक्षा सोडून द्या. त्यातील बरेचसे काम आपण रोज करताच. आधी सिस्कोची सीसीएनए ही नेटवर्किंगची परीक्षा द्यावी. २०२० पासून ती एकाच परीक्षेत होते, आणि सरावासाठी पॅकेट ट्रेसर हा नेटवर्कचा सिम्युलेटर विनामूल्य मिळतो. त्यानंतर आरएचसीएसए. वर्षात चार हा हिशेब मात्र मोडून टाका, कारण इतक्या घाईत माणूस डंपकडेच वळतो. ते उघडकीस आले तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकते, आणि न आले तरी मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला पितळ उघडे पडते. आपल्या यादीतील सीआयएसएसपी हे माहिती-सुरक्षेचे सर्टिफिकेशन तर आत्ता काढूनच टाका. त्यासाठी ठरलेल्या आठ क्षेत्रांपैकी किमान दोन क्षेत्रांतील एकूण पाच वर्षांचा अनुभव लागतो. तो नसताना परीक्षा उत्तीर्ण झालात तरी हाती केवळ ‘असोसिएट’ हा दर्जा येतो.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. सीसीएनएमध्ये बहुपर्यायी प्रश्न पुष्कळ असतात, आणि मी वर जे ठासून सांगितले त्याच्याशी हे जुळत नाही. तरीही सबनेटिंग (नेटवर्कचे लहान भाग पाडणे) आणि रूटिंग (त्यांच्यामधून माहितीची वाट ठरवणे) पक्के झाल्याशिवाय सर्व्हरच्या कामात पदोपदी अडायला होते, म्हणून तिचा आग्रह धरतो. सीसीएनए आणि आरएचसीएसए या दोन्ही प्रमाणपत्रांची मुदत तीन वर्षे असते. मायक्रोसॉफ्टच्या असोसिएट व एक्स्पर्ट पातळीच्या प्रमाणपत्रांची मुदत एकच वर्षाची असते, मात्र त्यांचे नूतनीकरण ऑनलाइन आणि विनामूल्य होते. आणि आपल्याला प्रोग्रामिंगकडे वळायचे असेल, तर यातले फारसे काही आपल्या उपयोगाचे नाही. तेथे प्रमाणपत्रापेक्षा आपण लिहिलेला कोड पाहतात.